अवघड प्रश्नांची खेळणी : बाहुलीला दुःख दिले, मुलाला काय दिले?

बेघरपणा, गुलामगिरी, वर्णभेद, अपंगत्व, दीर्घ आजार, युद्धामुळे होणारे विस्थापन. एकेकाळी ज्या विषयांची मुलांसमोर वाच्यताही करायची नाही असा मोठ्यांचा अलिखित नियम होता, ते विषय आता खेळण्यांच्या खोक्यांवर रंगीत अक्षरांत छापलेले दिसतात. अशा खेळण्यांचे कौतुक बहुधा विषय पाहून होते आणि त्यांच्यावरची टीकाही विषय पाहूनच होते. हे परीक्षण त्या वाटेने जाणार नाही. विषय निवडणे हा खेळणे बनवण्यातला सर्वांत सोपा भाग असतो. खोके फेकून दिल्यावर, सोबतची पुस्तिका कुठेतरी हरवल्यावर आणि मोठी माणसे खोलीबाहेर गेल्यावर मुलाच्या हातात जे उरते, त्यातून त्या विषयासंबंधी त्याला काही करता येते का, एवढे एकच मी पाहिले आहे. करता येणे म्हणजे अगदी साध्या कृती: कोणाला उचलून बसवणे, मलमपट्टी करणे, कुशीत घेणे, हरणे, क्वचित स्वतःच अन्याय करून पाहणे. ज्या खेळण्यात मुलाच्या वाट्याला असा एकही डाव येत नाही, ती शोभेची वस्तू आहे, मग तिच्यामागचा हेतू कितीही थोर असो.

या कसोटीवर सपशेल नापास होणारे उदाहरण म्हणजे ग्वेन थॉम्पसन ही बाहुली. १९८६ साली सुरू झालेल्या आणि १९९८ मध्ये मॅटेल कंपनीकडे गेलेल्या ‘अमेरिकन गर्ल’ या मालिकेत ती २००९ साली दाखल झाली. त्या वर्षीची मुख्य बाहुली क्रिसा आणि ग्वेन तिची मैत्रीण. वडील सोडून गेले, आईची नोकरी गेली, पाठोपाठ घरही गेले आणि मायलेकींना काही काळ मोटारीत राहावे लागले, अशी ग्वेनची कहाणी आहे. ती बाजारात येताच वाद उसळला. खऱ्याखुऱ्या बेघर मुलीला ही महागडी बाहुली कधीच परवडणार नाही आणि तिच्या विक्रीतले काही बेघरांपर्यंत पोहोचत नाही, तेव्हा हा दुःखाचा व्यापार आहे, असे एका बाजूचे म्हणणे होते. इतक्या लहान मुलींच्या डोक्यात असले विषय घालायचेच कशाला, अशी दुसऱ्या बाजूची तक्रार होती.

मला या दोन्ही आक्षेपांपेक्षा वेगळीच गोष्ट खटकते. बाहुली हातात घेतली तर तिच्यापाशी बेघरपणाशी संबंधित असे काहीही नाही. सोनेरी केस, पांढरा झालरीचा झगा, गुलाबी फीत. इतर कोणत्याही बाहुलीसारखीच ही एक नीटनेटकी बाहुली. तिचे बेघरपण सगळेच्या सगळे पुस्तकात आहे, आणि तेही मैत्रिणीच्या कथेतला एक उपप्रसंग म्हणून. तिला फाटके कपडे घालायला हवे होते असे मी म्हणत नाही. तसे केले असते तर तो तमाशा झाला असता आणि बेघर माणूस म्हणजे चिंध्या पांघरलेला माणूस ही मुळातच चुकीची समजूत आणखी घट्ट झाली असती. मोटारीत राहून रोज शाळेत जाणारी मुले वर्गातल्या इतर मुलांसारखीच दिसतात, हे खरेच आहे. परंतु तिच्यासोबत एखादी लहानशी पिशवी दिली असती आणि घरातल्या सगळ्या सामानातले जेवढे त्या पिशवीत मावेल तेवढेच बरोबर न्यायचे असते, तर काय घ्यायचे आणि काय मागे ठेवायचे याचा निर्णय मुलाला पुनःपुन्हा करावा लागला असता. एका पिशवीने जे साधले असते, ते पुस्तकाच्या पानांनी साधलेले नाही. ग्वेनला मी एकही गुण देणार नाही.

त्याच मालिकेतली अॅडी वॉकर मात्र इतक्या सहज निकालात काढता येत नाही. १९९३ साली आलेली ही बाहुली १८६४ मधल्या एका गुलाम मुलीची आहे. ती आईबरोबर पळून फिलाडेल्फियाला पोहोचते आणि स्वतंत्र होते. तिच्या गोष्टीत काहीही गुळमुळीत केलेले नाही. तंबाखूच्या पानांवरच्या अळ्या नीट वेचल्या नाहीत म्हणून मुकादम तिला त्या अळ्या खायला लावतो, हा प्रसंग वाचून मोठ्या माणसाच्याही पोटात कालवते. बाहुलीबरोबर येणाऱ्या वस्तूही विचारपूर्वक निवडलेल्या आहेत. तिच्या गळ्यातली कवडी ही आफ्रिकेतून पकडून आणलेल्या तिच्या पणजीची आठवण आहे. पुस्तक न वाचलेले मूलही ही कवडी कुठली, असे विचारतेच, आणि प्रश्न विचारायला लावणारी वस्तू निम्मे काम करते.

अॅडीबद्दलचा गंभीर आक्षेप तिच्याविषयी नाही, तिच्या एकटेपणाविषयी आहे. १९९३ पासून २०११ पर्यंत, म्हणजे तब्बल अठरा वर्षे, या मालिकेतल्या ऐतिहासिक बाहुल्यांमध्ये ती एकटीच कृष्णवर्णीय होती. शेजारच्या खणातल्या गोऱ्या बाहुल्यांना सीमाप्रदेश, महायुद्ध, आर्थिक मंदी, श्रीमंत वाडा असे नाना प्रकारचे भूतकाळ मिळाले आणि कृष्णवर्णीय मुलीला निवडायला गुलामगिरीचा एकच भूतकाळ उरला. एखादे खेळणे एकटे पाहिले तर उत्तम ठरते आणि फळीवर इतरांच्या शेजारी मांडले की त्याचा अर्थ पालटतो, हे अशा खेळण्यांच्या परीक्षकाने कधी विसरू नये. २०११ मध्ये न्यू ऑर्लिन्समधल्या सुखवस्तू कृष्णवर्णीय कुटुंबातली सेसिल आली, तेव्हा कुठे अॅडीच्या गोष्टीला तिचा योग्य आकार आला.

आता बेकीकडे वळतो, आणि तिच्यापाशी थोडे थांबतो. मॅटेलने १९९७ मध्ये ‘शेअर अ स्माइल बेकी’ या नावाने बार्बीची व्हीलचेअर वापरणारी मैत्रीण आणली. स्वागत उत्साहाने झाले. मग एका शाळकरी मुलीच्या लक्षात आले की बेकीची खुर्ची बार्बीच्या घराच्या लिफ्टमध्ये शिरतच नाही. कंपनीच्याच एका विभागाने बनवलेले घर कंपनीच्याच दुसऱ्या विभागाच्या बाहुलीला अडवत होते. यथावकाश बेकी बाजारातून गेली आणि लिफ्ट होती तशीच राहिली. या घटनेवर हसणे सोपे आहे, पण मला ती बाहुली कंपनीच्या नकळत या प्रकारातली सर्वांत शहाणी बाहुली वाटते. खुर्ची लिफ्टमध्ये ढकलून पाहणाऱ्या मुलाला काही क्षणांत हाताने कळते की बेकीचे पाय जिना चढू शकत नाहीत ही अडचणीची एक बाजू झाली आणि दार अरुंद ठेवले आहे ही दुसरी. अपंगत्वाच्या चळवळीतील कार्यकर्ते गेली कित्येक दशके जे सांगत आहेत, ते त्या अडकलेल्या चाकाने एका शब्दाविना सांगितले. फरक इतकाच की त्या मुलापाशी पुढचा डाव नव्हता; दार रुंद करता येत नव्हते.

तो डाव २०१९ साली मिळाला. त्या वर्षी आलेल्या व्हीलचेअरच्या बार्बीबरोबर घराला लावता येईल असा उतारही दिला गेला. उतार वेगळा, सुटा आहे हे मला विशेष आवडले. तो घरालाच चिकटवलेला असता तर मुलाला काही करावे लागले नसते. आता उतार कुठे ठेवायचा, तो नसेल तर काय होते, हे त्याला करून पाहता येते. त्याच वर्षीच्या दुसऱ्या बाहुलीचा कृत्रिम पाय काढता आणि पुन्हा बसवता येतो. मुले तो पहिल्यांदा काढतात तेव्हा दचकतात, नंतर सवयीने काढतात आणि शेवटी तो पाय पलंगाखाली सापडतो. दचकण्यापासून कंटाळ्यापर्यंतचा हा प्रवास म्हणजेच स्वीकार, असे मी धीटपणे म्हणेन.

त्यानंतरच्या बाहुल्यांविषयी थोडक्यात. २०२० मध्ये कोड असलेली आणि केस नसलेली, २०२२ मध्ये श्रवणयंत्र लावणारी, २०२३ मध्ये डाउन सिंड्रोम असलेली, २०२४ मध्ये अंध आणि २०२५ मध्ये टाइप १ मधुमेह असलेली, अशा बार्बी येत गेल्या. यांतली अंध बार्बी सर्वांत कसून घडवलेली आहे. पांढरी काठी नीट धरता यावी म्हणून तिचे कोपर वाकते आणि कपड्यांचा पोत बोटांना जाणवेल असा ठेवला आहे, म्हणजे ही बाहुली अंध मुलीविषयीच नाही तर अंध मुलीसाठीही आहे. मधुमेही बार्बीच्या दंडावर साखर मोजणारे यंत्र आणि कमरेला इन्सुलिनचा पंप आहे. तीच उपकरणे स्वतःच्या अंगावर वागवणाऱ्या मुलाला याचे मोल समजावून सांगावे लागत नाही. डाउन सिंड्रोमच्या बार्बीच्या गळ्यात मात्र एकविसाव्या गुणसूत्राच्या तीन प्रती सुचवणारे तीन बाणांचे लोलक आहे. ही सजावट मोठ्यांनी मोठ्यांसाठी केलेली आहे. मूल त्यातून काही वाचणार नाही आणि खेळणार तर नाहीच.

जोडायच्या ठोकळ्यांची खेळणी बनवणाऱ्या लेगोने २०१६ मध्ये, मुलांच्या खेळण्यांत अपंगत्व दिसावे म्हणून पालकांनी आदल्या वर्षी मोहीम सुरू केल्यानंतर, बागेच्या संचात व्हीलचेअरवर बसलेला एक तरुण दिला. त्याला नाव नाही, व्यथा नाही, बोधकथा नाही. बागेत इतर माणसे आहेत तसा तोही आहे. शिवाय खुर्ची सुटी आहे, त्यामुळे तिच्यात समुद्री चाचा बसतो, अंतराळवीर बसतो, पोलीसही बसतो आणि तो तरुण केव्हातरी घोड्यावर दिसतो. गंभीर प्रकृतीच्या पालकांना हा विषयाचा अपमान वाटू शकेल. मला ते या संचाचे यश वाटते.

असे वाटण्याचे कारण मुले अवघड गोष्टींशी मुळात कशी खेळतात यात आहे. मनोविश्लेषक फ्रॉइडने १९२० मध्ये आपल्या दीड वर्षाच्या नातवाचे एक निरीक्षण नोंदवले आहे. तो मुलगा दोरी बांधलेली लाकडी रिळ पलंगाच्या कडेपलीकडे फेकून दिसेनाशी करी आणि ओढून परत आणी, पुनःपुन्हा. आई बाहेर जाते तेव्हा त्याच्या हाती काही नसते. रिळ घालवणे आणि परत आणणे मात्र त्याच्या हाती होते, असा अर्थ फ्रॉइडने लावला. त्या रिळेवर विरह हा शब्द छापलेला नव्हता. नाझी छळछावण्यांतली मुले हजेरी घेण्याचा खेळ खेळत आणि त्यात एक जण पहारेकरी होई, याच्या नोंदी आहेत. कोविडच्या साथीच्या काळात पकडापकडीत ज्याच्यावर राज्य येई तो विषाणू होई. अवघड गोष्ट मुलांपर्यंत खेळण्याच्या आधीच पोहोचलेली असते. खेळण्याने तिची ओळख करून देण्याची गरज क्वचितच असते. ती हाताळायला एखादी दोरी दिली तर पुरे.

ही दोरी नेमकी देणारी दोन खेळणी मी या सगळ्यांत वर ठेवतो. पहिले म्हणजे रुफस हे मधुमेहाचे अस्वल, जे टाइप १ मधुमेहाचे निदान नुकतेच झालेल्या मुलांना दिले जाते. त्याच्या अंगावर जिथे इन्सुलिनचे इंजेक्शन द्यायचे त्या जागी रंगीत ठिगळे शिवलेली आहेत. दिवसभर ज्याला सुया टोचून घ्याव्या लागतात, त्याला इथे टोचणाऱ्याची भूमिका मिळते. तो अस्वलाला दटावतो, समजावतो, शाबासकी देतो, आणि त्याच्या तोंडी मोठ्यांची नेमकी कोणती वाक्ये बसली आहेत हे ऐकणाऱ्या आईवडिलांनाही समजते.

दुसरे म्हणजे हिबुकी हा लांब हातांचा, उदास चेहऱ्याचा कापडी कुत्रा. २००६ च्या लेबनॉन युद्धाच्या काळात, इस्रायलमध्ये घर सोडून तात्पुरत्या छावणीत आलेल्या लहान मुलांसाठी तो प्रथम वापरला गेला आणि पुढे २०११ च्या त्सुनामीनंतर जपानमध्येही पोहोचला. त्याच्या पंजांना वेलक्रो आहे, त्यामुळे तो मुलाच्या गळ्यात मिठी मारून राहतो. देताना मुलाला सांगतात ते एवढेच की हा उदास आहे, घरापासून दूर आहे आणि त्याला सांभाळणारे कोणी हवे आहे. युद्धाचा, बॉम्बचा, विस्थापनाचा उल्लेख होत नाही. ज्याला सगळे सांभाळत आहेत त्या मुलाला क्षणात सांभाळणारा करणे, ही या कुत्र्यामागची सगळी कल्पना आहे, आणि बालरोगशास्त्राच्या एका नियतकालिकात २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा मुलांमधील तणावाची लक्षणे कमी झाल्याचे आढळले. खोक्यावर विषय न छापता विषयाच्या गाभ्याला हात घालणारे याहून चांगले उदाहरण माझ्यासमोर नाही. वेलक्रोला धागे आणि केस चिकटतात, ही एक व्यावहारिक उणीव नोंदवून ठेवतो.

पर्सोना डॉल्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बाहुल्यांना मात्र माझी कसोटी जशीच्या तशी लावता येत नाही, कारण त्या मुलाच्या एकट्याच्या हाती द्यायच्याच नसतात. भेदभावाविरुद्धच्या बालशिक्षणाच्या प्रयत्नांतून अमेरिकेत पुढे आलेल्या आणि नंतर ब्रिटन व दक्षिण आफ्रिकेतही वापरल्या गेलेल्या या कापडी बाहुल्यांना शिक्षिका एक नाव, एक कुटुंब आणि एक इतिहास देते, आणि तो इतिहास मग बदलायचा नसतो. बाहुली खेळण्यांच्या कोपऱ्यात पडून राहत नाही. पाहुण्यासारखी वर्गात येते, शिक्षिकेच्या मांडीवर बसते आणि काल मला कोणी खेळायला घेतले नाही असे तिच्या कानात सांगते. मुले तिला धीर देतात, उपाय सुचवतात. म्हणजे इथे मुलांचा डाव बोलण्याचा आहे. शिक्षिका कुशल असेल तर याचा परिणाम विलक्षण होतो. ती उतावळी असेल तर मुलांना अपेक्षित उत्तर पहिल्या मिनिटाला कळते आणि ती एका सुरात सद्गुणांचे पाढे म्हणू लागतात. या बाहुल्यांचे परीक्षण शेवटी वापरणाऱ्या व्यक्तीचे परीक्षण ठरते, म्हणून प्रशिक्षणाशिवाय त्या विकत घेऊ नयेत.

एक प्रश्न विक्रेते सोयीस्करपणे टाळतात: ही खेळणी नेमकी कोणासाठी? ज्याच्या वाट्याला ते दुःख आले आहे त्याच्यासाठी की ज्याने ते दुरूनच पाहायचे आहे त्याच्यासाठी? केनेथ आणि मॅमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९४० च्या सुमारास अमेरिकेत केलेल्या प्रयोगांत तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांपुढे रंगाखेरीज सर्व बाबतींत सारख्या असलेल्या बाहुल्या ठेवल्या होत्या. चांगली बाहुली कोणती, असे विचारल्यावर बहुसंख्य मुलांनी गोरी दाखवली. शाळांमधील वर्णविभाजन बेकायदा ठरवणाऱ्या १९५४ च्या निकालात या संशोधनाचा आधार घेतला गेला. त्या बाहुल्या सामाजिक प्रश्न शिकवण्यासाठी बनवलेल्या नव्हत्या, तरीही प्रश्न त्यांच्यात ठासून भरलेला होता. तेव्हा अवघड विषयाचे एखादे खास खेळणे आणून बाकीचे सगळे गोरे, सडपातळ आणि धडधाकट ठेवले तर ते खास खेळणे अपवाद म्हणूनच पाहिले जाईल. आणि आजारी किंवा अपंग मुलाला, ही बघ तुझ्यासारखी, असे सांगून बाहुली हाती देण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. कित्येक मुलांना स्वतःसारखी बाहुली हवीहवीशी वाटते, पण कित्येकांना खेळताना तरी आपल्यासारखे नसलेले कोणीतरी व्हायचे असते.

गरिबी, भाडे, मक्तेदारी अशा व्यवस्थेच्या प्रश्नांसाठी बाहुली हे साधनच अपुरे आहे, कारण बाहुली एका व्यक्तीचे दुःख दाखवते आणि ते कोठून आले हे दाखवू शकत नाही. ते काम पटावरच्या खेळांनी अधिक चांगले केले आहे. एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन स्त्रीने १९०४ साली ‘द लँडलॉर्ड्स गेम’ या खेळाचे पेटंट घेतले. जमिनीच्या भाड्यातून मालक कसे श्रीमंत होतात आणि भाडेकरू कसे खंक होतात हा अर्थतज्ज्ञ हेन्री जॉर्ज यांचा विचार तिला खेळातून दाखवायचा होता. तिने त्याला दोन नियमावल्या दिल्या: एकीत कोणी संपत्ती निर्माण केली की लाभ सर्वांना मिळे, तर दुसरीत मक्तेदारी उभी करून बाकीच्यांना बुडवणाऱ्याची सरशी होई. एकाच पटावर दोन्ही खेळल्यावर फरक आपोआप कळेल, हा तिचा विश्वास. पुढे काय झाले ते जगाला ठाऊक आहे. १९३५ साली पार्कर ब्रदर्सने तिच्याकडून पेटंट ५०० डॉलरला घेतले, त्यातूनच निघालेला मोनोपॉली हा पटावरचा खेळ जगभर गेला आणि दुसऱ्याला बुडवण्याची नियमावली तेवढी टिकली. उपदेश आणि गंमत एकाच खोक्यात घातले तर मुले गंमत काढून घेतात, हे मॅगीच्या खेळाइतके स्पष्ट दुसऱ्या कशातही दिसत नाही.

तरीही मी तिच्या मूळ कल्पनेला या यादीत वरच्या तिघांत बसवीन. तिच्यात मूल अन्यायाची हकीकत ऐकत नाही, तो अन्याय स्वतः करते, त्यातली मजा चाखते आणि पुढच्या डावात तोच सोसते. घरी मोनोपॉलीचा पट असेल तर वेगळे काही विकत घेण्याची आवश्यकता नाही. आधी नेहमीच्या नियमांनी खेळावे, डाव एकाच्या घशात गेला की पट तसाच ठेवावा आणि पुढच्या फेरीपासून सगळे भाडे मालकाऐवजी मधल्या सामाईक पेटीत जाईल व ठरावीक वेळाने सर्वांना समान वाटले जाईल, असा एकच बदल करावा. जिंकत असलेल्या खेळाडूचा चेहरा पाहण्यासारखा होतो. तो हा रडीचा डाव आहे अशी तक्रार करतो, आणि मग ती तक्रार किती रास्त आहे यावर मुलेच तावातावाने बोलू लागतात. आठ वर्षांच्या आतल्या मुलांना मात्र हा प्रकार देऊ नये. भाडे म्हणजे काय हे उमगेपर्यंत कोणत्याही नियमावलीचा शेवट रडारडीतच होतो.